गाडीचे प्रश्न, गाडीची उत्तरं: रोल केज कुठला घ्यावा?

पावसाळा जवळ आला की ऑफरोडवाल्यांची पत्रं वाढतात हे दरवर्षीचंच आहे, पण यावेळी चार पत्रं एकट्या रोल केजवर, म्हणजे गाडी उलटली तरी आतली जागा चेपू नये म्हणून बसवतात त्या पाइपांच्या सांगाड्यावर आलीत म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. चौघांच्या गाड्या वेगळ्या, गरजा वेगळ्या, त्यामुळे उत्तरंही वेगळी आहेत, तेव्हा आपलं पत्र नसलं तरी सगळी वाचा.

प्रश्न (सातारा): माझ्याकडे 2014 ची थार आहे, सॉफ्ट टॉप. ग्रुपसोबत महिन्यातून एकदा डोंगरात जातो, बाकी गाडी रोजच्या वापरात. एक फॅब्रिकेटर म्हणतो दीड इंची बी क्लास जीआय पाइपचा केज करून देतो, एकदम हेवी. दुसरा सीमलेस पाइप सांगतो पण पैसे दुपटीपेक्षा जास्त. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि दादा, जड म्हणजे मजबूत हे आधी डोक्यातून काढा. बी क्लासचा जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला मध्यम जाडीचा पाइप, पाण्याच्या लाइनसाठी बनतो, आतून प्रेशर सहन करायला, वरून गाडीचं वजन आपटल्यावर वाकत वाकत मार पचवायला नाही. प्लंबिंगच्या हिशोबात दीड इंच म्हणजे साधारण आतलं माप, बाहेरून तो 48.3 मिमी भरतो, जाडी 3.2 मिमी, वजन मीटरला साडेतीन किलोच्या वर. त्याच्यासमोर 45 मिमी व्यासाचा 2.5 मिमी जाडीचा कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंडच ओढून बनवलेला, उभा जोड नसलेला पाइप मीटरला 2.6 किलो. म्हणजे तुम्ही मीटरमागे जवळपास किलोभर जास्त लोखंड गाडीच्या डोक्यावर चढवणार, गाडीचा गुरुत्वमध्य वर नेणार, गाडी उलटायची शक्यता वाढवणार आणि बदल्यात मिळणार कमी भरवशाचा पाइप. वर जीआयला जस्ताचा थर असतो, तो नीट न घासता वेल्डिंग केलं तर सांध्यात बारीक भोकं राहतात आणि धूर वेल्डरच्या फुफ्फुसात जातो ते वेगळंच.

आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टची जी संघटना आहे, एफआयए, तिच्या नियमात मेन हूपला म्हणजे सीटच्या मागच्या मोठ्या कमानीला दोन मापं दिलीत, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 (बाहेरचा व्यास बाय जाडी, मिमीत), मटेरियल कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील, टेन्साइल स्ट्रेंथ म्हणजे ताण सहन करायची ताकद कमीत कमी 350 न्यूटन प्रति चौरस मिमी. बाकीच्या पाइपांना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2 चालतो. यातला 50 बाय 2 वाला वजनाला दहाएक टक्के हलका आणि वाकायला किंचित जास्तच ताठ, पण पातळ असल्यामुळे बेंडिंग आणि वेल्डिंग दोन्हीला हात चांगला लागतो, साध्या वर्कशॉपमध्ये 45 बाय 2.5 च सांगा. तुम्ही रेस करत नाही हे कळतंय, पण गाडी उलटल्यावर तिला काय कळतं रेस आहे का पिकनिक, म्हणून मापं हीच धरा. पाइप घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, दुकानदार कां-कू करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

आता पाइप चांगला असून केज वाया जाऊ शकतो, तो बेंड आणि सांध्यामुळे. वाळू भरून, गॅसवर तापवून वाकवलेला पाइप अजिबात घेऊ नका, डाय लावून थंडच वाकवलेला हवा आणि बेंडची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. व्यास मोजायला व्हर्नियर घेऊन जा. बेंडवर पाइप थोडा चपटा होतोच, पण सगळ्यात बारीक माप सगळ्यात जाड मापाच्या 0.9 पटीच्या खाली गेलं की तो पाइप बाद. म्हणजे एका बाजूने 46 भरला तर दुसऱ्या बाजूने 41.4 च्या खाली नको. बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या तर मोजायचीही गरज नाही.

सांध्याचं असं बघा. एक पाइप दुसऱ्याला जिथे टेकतो तिथे त्याचं तोंड माशाच्या तोंडासारखं गोल कापून घट्ट बसवायचं असतं आणि मग चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड. बरेच जण तोंड सरळ कापतात, मध्ये बोटभर फट राहते, ती रॉडने भरत बसतात आणि वरून ग्राइंडर मारून, पुट्टी लावून, काळा पेंट देऊन गुळगुळीत करतात. दिसायला सुंदर, आत पोकळ. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी त्याच पाइपाचे दोन तुकडे त्याच वेल्डरकडून जोडून घ्या आणि हॅक्सॉने सांध्यातून मधोमध कापायला लावा. कापलेल्या तोंडावर वेल्डचा धातू पाइपाच्या भिंतीत उतरलेला दिसला पाहिजे, नुसता वर बसलेला दिसला आणि मधे काळी रेघ असली तर तो माणूस गेट-ग्रिल चांगली करत असेल, केज नाही. वेल्ड घासू देऊ नका आणि पेंट तुम्ही सांध्याचा प्रत्येक इंच टॉर्च लावून बघितल्याशिवाय मारू देऊ नका, विशेषतः छताकडची बाजू, तिथे हात पोचत नाही म्हणून अर्धवट सोडलेलं असतं.

शेवटचं म्हणजे तिरप्या पाइपाशिवाय केज घेऊ नका. चार उभे आणि चार आडवे पाइप म्हणजे नुसता चौकोन, बाजूने धक्का बसला की तो पतंगासारखा कलतो. मेन हूपमध्ये एक तिरका पाइप आणि मागे उतरणारे दोन बॅकस्टे, एवढं किमान हवंच.

प्रश्न (नाशिक): नवीन थार घेतली, हार्ड टॉप. कंपनीचा बिल्ट-इन रोल केज आहे असं सांगतात. तरी आतून अजून एक लावून घेऊ का? आरटीओचा त्रास होईल का?

उत्तर: नको. 2020 च्या या थारला गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने चार स्टार दिले खरे, पण ती टेस्ट समोरून धडकेची आहे, 64 च्या स्पीडने, गाडी उलटल्यावर काय होतं याबद्दल ती काही सांगत नाही. तरीही रस्त्यावरच्या वापराला कंपनीचं स्ट्रक्चर, सीटबेल्ट आणि एअरबॅग हे एकत्र विचार करून बसवलेलं असतं, त्यात मध्येच स्वतःचा पाइप घुसवला की गुडघा, डोकं, एअरबॅग यांची जागा बिघडते. कंपनीच्या केजला काहीतरी वेल्ड करणं तर अजिबात नको.

कायद्याचं म्हणाल तर मोटर वाहन कायदा 1988 चं कलम 52, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठाम सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 ए आलं, त्यात मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलबारवर, म्हणजे बंपरपुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं तेही कलम 52 च्याच आधारे. ‘सगळे लावतात’ हे उत्तर चौकात चालून जाईल, अपघातानंतर इन्शुरन्सच्या सर्व्हेयरसमोर चालणार नाही. साताऱ्याच्या दादांनीही हे वाचावं, रोजच्या गाडीला केज लावायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या जुन्या जीपला मिस्टरांनी सुंदर रोल केज लावून घेतलाय, मागे दोन्ही मुलं बसतात, वय सात आणि दहा. ते म्हणतात आता गाडी एकदम सेफ आहे. मला मात्र मुलांच्या डोक्याशेजारचा पाइप बघून धडधडतं. मी उगाच घाबरते का?

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या. केज एकटा कोणाला वाचवत नाही. तो फक्त गाडीतली जागा चेपू देत नाही, त्या जागेत माणसाला धरून ठेवायचं काम बेल्टचं, आणि स्पर्धेत माणूस केजशेजारी बसतो तो हेल्मेट घालूनच. तुमची मुलं हेल्मेट घालून शाळेत जात नाहीत. खड्ड्यात गाडी आदळली, ब्रेक जोरात लागला किंवा बाजूने कोणी ठोकलं की उघडं डोकं स्टीलच्या पाइपावर आपटणार, आणि त्यासाठी गाडी उलटायची गरजच नाही, 30-40 चा स्पीड पुरतो.

पाइपाला काळा फोम लावलाय म्हणून समाधान मानू नका. दुकानात मिळतो तो मऊ फोम एसीच्या पाइपाला गुंडाळायचा असतो, अंगठ्याने दाबला की थेट लोखंड लागतं, तेच डोक्याला लागणार. केजसाठीचं खरं पॅडिंग हाताला बऱ्यापैकी कडक लागतं, त्यावर एफआयए 8857-2001 किंवा एसएफआय 45.1 असा मानकाचा नंबर लिहिलेला असतो, आणि तेही मुख्यतः हेल्मेट घातलेल्या डोक्याचा विचार करून बनलेलं असतं.

दुसरी गोष्ट, जुन्या जीपमध्ये मागे आडवे बाक असतात, तोंड एकमेकांकडे, आणि बेल्ट नसतात. तिथे मुलं बसत असतील तर केज असो नसो ती जागाच धोक्याची, समोरून धडक बसली की मूल कडेला फेकलं जातं. मुलांना त्या गाडीतून नेणं थांबवा. ऑफरोडला तर नाहीच, पण बाजारातही नको. घरात दुसरी गाडी असेल तर मुलांसाठी ती वापरा, नसेल तर पुढच्या तोंडाच्या सीट आणि तीन पॉइंटचे बेल्ट नीट माउंटिंगसह बसवता येतात का हे आधी बघा, आणि मुलांच्या डोक्याच्या टप्प्यात येणारा एकही पाइप ठेवू नका, कापून टाकायला लागला तरी चालेल. मिस्टरांनी मनापासून खर्च केलाय हे समजतं, पण या एका बाबतीत तुम्ही मागे हटू नका.

प्रश्न (फोंडा, गोवा): जिप्सी फक्त इव्हेंटसाठी तयार करतोय, रस्त्यावर चालवणार नाही, ट्रेलरवरून नेणार. पाइप, माप सगळं ठरलंय. केज बॉडीला बोल्ट करायचा का चॅसीला, यावर गॅरेजमध्ये रोज वाद होतो.

उत्तर: केजचा खरा हक्क असलेली गाडी हीच. तुमच्याच गोव्यात 2014 ला रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा सुरू झाल्यापासून उतारावर, चिखलात हळू स्पीडला गाडी कडेवर कशी झोपते हे तुम्ही बघितलंच असेल. पहिलं काम, ज्या इव्हेंटला जाणार त्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक मागवा, केज तयार झाल्यावर स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीला नापास होणं फार महागात पडतं.

वादाचं उत्तर असं की दोन्हीला एकत्र कडक जोडू नका. जिप्सीची बॉडी लॅडर म्हणजे शिडीसारख्या चॅसीवर रबर माउंटवर बसते, खडकावर चॅसी पीळ खाते आणि बॉडी थोडी वेगळी हलते. केजचे दोन पाय चॅसीला आणि चार पाय फ्लोअरला कडक बोल्ट केले की तो पीळ जाणार कुठे, थोड्याच दिवसांत फ्लोअर चिरतो नाहीतर वेल्ड. एकतर सहाही पाय बॉडीला घ्या आणि त्यांच्याजवळचे बॉडी माउंट मजबूत करा, किंवा सगळे फ्लोअरमधून खाली चॅसीच्या आउटरिगरवर, म्हणजे चॅसीपासून बाजूला निघालेल्या ब्रॅकेटवर न्या आणि मध्ये रबरी बुश द्या. जुन्या जिप्सीचा फ्लोअर आधी ठोकून बघा, मॅटखाली गंज असतोच, सडलेल्या पत्र्यावर केज उभा केला तर उलटल्यावर पाय पत्रा फाडून खाली जातो आणि छत तुमच्या डोक्यावर येतं.

बॉडीला घेत असाल तर प्रत्येक मुख्य पायाखाली 3 मिमीची प्लेट, क्षेत्रफळ 120 चौरस सेंमी तरी, म्हणजे 12 बाय 10 ची, आणि बॅकस्टेच्या पायाखाली 60. मुख्य पायाला एम 8 चे 8.8 ग्रेडचे तीन बोल्ट, बॅकस्टेला दोन. बॅकस्टे सरळ असावेत, बेंड नको, आणि उभ्या रेषेपासून 30 अंश तरी मागे कललेले. सीट आणि बेल्टचं माउंटिंग केजसोबतच ठरवा, मागून करू नका, कारण चार-पाच पॉइंटचा हार्नेस माणसाला ताठ बसवून ठेवतो आणि त्या ताठ माणसाचं हेल्मेट वरच्या पाइपापासून तीन-चार बोटं तरी लांब राहिलं पाहिजे. हेल्मेट घालून, बेल्ट आवळून, प्रत्यक्ष बसून मोजा.

को-ड्रायव्हरसाठी डॅशजवळ धरायला हँडल द्या. गाडी कलली की माणूस आपोआप वरचा पाइप नाहीतर खिडकीची कड पकडतो आणि बोटं केज आणि जमिनीच्या मध्ये जातात. ड्रायव्हरने हात स्टिअरिंगवरच ठेवायचे, बाजूला जाळी लावता आली तर लावाच.

पहिल्या इव्हेंटनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा. आणि गाडी उलटलीच तर वाकलेला पाइप तापवून सरळ करून घेऊ नका, त्याची ताकद गेलेली असते, तेवढा भाग कापून नवीन पाइप टाका आणि त्याला लागून असलेले सगळे सांधे पेंट खरवडून बघा.