भेग जुनी की वाढती?
चि. यास अनेक आशीर्वाद,

तू घ्यायच्या विचारात आहेस त्या बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या जुन्या फ्लॅटचा सर्व्हे रिपोर्ट वाचला. शब्द जड आहेत, पण घाबरू नकोस.

‘हेअरलाइन क्रॅक’ म्हणजे केसाएवढी भेग. बहुधा प्लास्टर सुकताना पडते, रंगकामात बुजते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र गांभीर्याने घे. बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असला की सगळीकडे सारखा राहत नाही, आणि भिंत तिरकी फाटते. ‘डिफरन्शियल सेटलमेंट’ म्हणजे पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचणं. भारतीय मानक ब्यूरोच्या 1984च्या पुस्तिकेत 1 मिलिमीटरच्या आतली भेग बारीक आणि 2च्या वरची रुंद धरली आहे. मी रुंदीपेक्षा ती वाढते आहे का, हे आधी बघतो. मालकाला विचारून दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण कर, तारीख घाल. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने आडवी बसवता आली तर उत्तमच. पट्टी तडकली की भिंत अजून हलते आहे हे कळतं. दरवाजे घासतात का, तेही बघ.

‘स्पॉलिंग’ म्हणजे काँक्रीटचे पापुद्रे सुटणं. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. कॉलमला उभी भेग आणि तांबूस डाग दिसले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. नुसतं प्लास्टर मारून दिलेलं चालणार नाही. ‘एफ्लोरेसन्स’ म्हणजे आपला लोणा. तो खरवडण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचं. ऑगस्ट 2024च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचार.

क्षेत्रफळाचं थोडक्यात: 2016च्या रेरा कायद्यातल्या (स्थावर मालमत्तेचा कायदा) कार्पेटमध्ये, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची नाही. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्टचाही वाटा असतो. म्हणून दोन फ्लॅटची तुलना कार्पेटवरच कर. बीयू परमिशन (इमारत वापरण्याची परवानगी), प्रॉपर्टी कार्ड आणि टीपी स्कीममधला, म्हणजे नगररचना योजनेतला, फायनल प्लॉट नंबर वकिलाकडून तपासून घे.

रिपोर्टमध्ये बेडरूमच्या तिरक्या भेगेचा फोटो नाही. शेजारी फूटपट्टी धरून तो काढ आणि पाठव. तोवर बानाखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही करू नकोस.

तुझा काका