चर्चच्या तरुण संघात अंताक्षरी आणि संगीत खुर्ची सोडून दुसरे कोणते खेळ घेता येतील?

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही लिहिलंय की दर शनिवारी वीस-पंचवीस तरुण जमतात, वय तेरापासून चोविसापर्यंत, हॉल लहान आहे, खर्चाला पैसे नाहीत आणि त्याच त्या दोन खेळांना सगळे कंटाळलेत. मी बडोद्याला राहते. आमची मंडळी गुजराती, पण नगर-जालन्याकडून नोकरीसाठी येऊन इथलेच झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलंही तरुण संघात बरीच आहेत. निम्मी मला ताई म्हणतात, निम्मी बेन. त्यांच्याबरोबर चौदा वर्षं काम करते आहे. जे स्वतः घेऊन पाहिलंय तेवढंच सांगते.

आधी संगीत खुर्चीबद्दल बोलते, कारण माझं सगळं तिथूनच बदललं. एका शनिवारी नववीतला एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. बोलताना अडखळायचा, म्हणून गप्पच असायचा. गाणं थांबलं, सगळे धावले, तो उभाच राहिला. पहिल्याच फेरीत बाद. पुढचा अर्धा तास तो भिंतीला टेकून सँडलचा पट्टा काढत होता, लावत होता. मी पेटीवर होते, मला सगळं दिसत होतं आणि तरी मी वाजवत राहिले. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी गेले तर त्याची आई म्हणाली, "ताई, त्याला वाटलं तिथं त्याचं काही कामच नाही." काही महिन्यांत त्यांची बदली झाली आणि तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: ज्या खेळात कुणी बाद होतं तो खेळ घ्यायचा नाही. नीट पाहा, बाद होणाऱ्या खेळात सर्वांत आधी कोण जातं? जो नवीन आहे, जो बुजतो, जो हळू आहे, म्हणजे ज्याला आपण आग्रहानं बोलावलेलं असतं तोच. सर्वांत जास्त वेळ बसून राहायची पाळीही त्याच्यावरच येते. संगीत खुर्ची घ्यायचीच असेल तर खुर्च्या सोडा आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. गाणं थांबलं की सगळ्यांचे पाय कागदावर हवेत. दर फेरीला कागद कमी करा, माणूस एकही कमी करू नका. शेवटच्या कागदावर एकमेकांचे हात धरून, एका पायावर तोल सांभाळत सगळे मावले की जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

गट पाडतानाही जपा. दोन कॅप्टन उभे करून गडी निवडायला सांगितलं की शेवटी कोण उरतं ते प्रत्येकाला आधीच माहीत असतं. आम्ही सगळ्यांना एका ओळीत वाढदिवसाच्या क्रमानं उभं राहायला सांगतो, जानेवारी एका टोकाला, डिसेंबर दुसऱ्या. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. बोटं, खुणा, डोळे यांवरच भागवायचं. पाच मिनिटांत ओळ लागते, एकाच तारखेचे दोघं सापडले तर हॉल डोक्यावर घेतात, आणि मग एक आड एक मोजून गट पाडले की कुणाला काही वाटत नाही.

आता आमचा सगळ्यांत लाडका खेळ. "मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं" लहानपणी खेळला असालच. आम्ही त्याचं "पौलाचं पत्र" केलं. पवित्र शास्त्राच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावानं तेरा पत्रं आहेत. तेरा चिठ्ठ्यांवर त्यांची नावं लिहा. त्यांतली नऊ मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चना, लिहिलेली, तेव्हा हॉलच्या भिंतींवर सात कागद चिकटवा: रोम, करिंथ, गलतिया, इफिस, फिलिप्पै, कलस्सै, थेस्सलनीका. करिंथ आणि थेस्सलनीका इथं दोन-दोन पत्रं जातात. उरलेली चार पत्रं माणसांना आहेत: तीमथ्याला दोन, तीताला एक, फिलेमोनाला एक. ही तीन नावं रिंगणातल्या तिघांना आधीच कानात सांगून ठेवायची, बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

ज्याच्यावर राज्य असतं तो रुमालात चिठ्ठी गुंडाळून रिंगणाबाहेरून पळतो आणि गुपचूप कुणाच्या तरी पाठीमागे टाकतो. ज्याला सापडली त्यानं उठून चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि राज्यवाल्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत ती बरोबर भिंतीला नेऊन लावायची. नाही जमलं तर राज्य त्याच्यावर. माणसाचं पत्र असेल तर मात्र पळापळ नाही. सगळे वीस टाळ्या वाजवतात, तेवढ्यात त्यानं माणूस शोधायचा. विचारायची रीत ठरलेली: आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग समोरच्याचं विचारायचं. समोरचा आपलं खरं नाव सांगतो आणि तो तीमथ्य असेल तर तेही सांगतो.

पहिल्यांदा घेतला तेव्हा गलतीकरांस पत्राची चिठ्ठी घेऊन एक मुलगी चारही भिंती फिरून आली, कारण ती "गलती" शोधत होती आणि कागदावर "गलतिया" होतं. त्या दिवशीपासून ते नाव आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. आणखी एक गोष्ट घडली. एकानं विचारलं, "बेन, हा फिलेमोन कोण? एवढ्या मोठ्या पौलानं एका माणसाला पत्र का लिहिलं?" मी उत्तर दिलं नाही, पवित्र शास्त्र उघडून दिलं. पत्र एकाच अध्यायाचं, पंचवीस वचनांचं. एकानं वाचलं, बाकी घामाघूम होऊन जमिनीवर बसून ऐकत होते. पळून गेलेला दास अनेसिम परत येतो आहे आणि पौल त्याच्या धन्याला, म्हणजे फिलेमोनाला, लिहितो की त्याला आता दास म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून घे. त्या दिवशी मी वचनाची जी तयारी करून गेले होते ती पिशवीतच राहिली. मला त्याचा आनंदच झाला.

दुसरा खेळ चादरीचा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला घेऊन येतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट येशूपुढे खाली सोडतात. चार जणांनी जुन्या चादरीचे चार कोपरे धरायचे, मधे पाणी भरलेला फुगा. वाटेत बाकडी, खुर्च्या, दोरी, जे हाताशी असेल ते मांडा. शेवटी जमिनीवर खडूनं एक गोल काढा, फुगा न फुटता त्या गोलात अलगद उतरवायचा. सोपं वाटतं, पण चौघांची उंची सारखी नसते. आमच्याकडे एक जवळजवळ सहा फुटी मुलगा आणि सातवीतली एक चिमुरडी एकाच चादरीला आली. दोन पावलांत फुगा तिच्याकडे घरंगळला आणि फुटला, तिचा ड्रेस भिजला. ती रडवेली झाली. दुसऱ्या खेपेला तो मुलगा कुणी न सांगता गुडघ्यात वाकला आणि सबंध हॉल तसाच अर्धा बसून चालला. मांड्या भरून आल्या, पण फुगा गोलात उतरला. मुलींना ओल्या कपड्यांनी घरी जावं लागू नये म्हणून आता आम्ही पाण्याऐवजी साधा चेंडू ठेवतो. तो घरंगळतोही जास्त, त्यामुळे खेळ अधिक रंगतो.

नहेम्याची भिंत हा खेळ अगदी लहान जागेत होतो. यरुशलेमची भिंत ५२ दिवसांत पुरी झाली आणि बांधणारे एका हातानं काम करत होते, दुसऱ्या हातात हत्यार होतं, असं नहेम्याच्या पुस्तकात आहे. प्रत्येक गटाला चपला-बुटांचे रिकामे खोके द्या (दुकानदार हसत देतात), दुसऱ्या हातात झाडू, छत्री, लाटणं, काहीही. एका हातानं भिंत रचायची, वेळ ५२ सेकंद. भिंत पडली तर पुन्हा रचायची, सगळ्या गटांची उभी राहीपर्यंत खेळ संपत नाही. ज्यांची आधी झाली ते आपण होऊन शेजारच्यांना हात द्यायला धावतात, हे मी दर वेळी पाहते.

तुमच्याकडे भाषेची सरमिसळ असेल तर हे करून बघा. आमची मराठी मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी, त्यामुळे देवनागरी वाचताना अडतात. वचन शोधायच्या शर्यतीत ती मागे पडायची. मग मी पवित्र शास्त्रातल्या पुस्तकांच्या नावांच्या जोड्या केल्या, एक चिठ्ठी मराठी, एक गुजराती. मत्तयानं माथ्थीला शोधायचं, स्तोत्रसंहितेनं गीतशास्त्राला, शास्त्यांनी न्यायाधीशोना, पेत्रानं पितरला. जोडी जमली की दोघांनी दोन्ही पुस्तकांतून एकच वचन काढायचं आणि आपापल्या भाषेत वाचायचं. एका शब्दासाठी दुसऱ्या भाषेत काय आलंय ते पाहताना मुलं अर्धा अर्धा तास रमतात.

मोकळी जागा मिळाली तर आपले मैदानी खेळ आहेतच. लगोरी घ्या (आमच्याकडे तिला सातोडियुं म्हणतात), साखळी घ्या, डबा ऐसपैस घ्या. बडोद्याला मैदानी खेळांचं वेड जुनंच आहे. प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर इथलंच, आणि १९२३ साली हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धाही इथं भरली होती. तरी मिश्र वयाच्या संघात मी हुतूतू टाळते. चार दांडगे खेळतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. साखळी त्याहून बरी, कारण पकडला गेलेला साखळीत जोडला जातो, बाजूला बसत नाही. कमाटीबागेत आम्ही दर हिवाळ्यात एक सकाळ खेळायला जातो आणि येताना सेव-उसळ खातो. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी सहाच्या आत कुणाला उन्हात पळवू नका.

काही गोष्टी मी कधीच घेत नाही. कुणाच्या तोंडाला पीठ फासायचं, डोळे बांधून फजिती करायची, जबरदस्तीनं काहीतरी खायला लावायचं, हरलेल्यानं नाचून दाखवायचं. असल्या खेळांत हसू येतं, पण ते कुणाच्या तरी जिवावर येतं, आणि प्रभूच्या घरात ते मला सहन होत नाही. मुलामुलींचे हात धरायचे खेळ आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोत. पळायचे खेळ असतील तर आदल्या दिवशीच निरोप द्या, म्हणजे मुली ओढणी सांभाळत बसणार नाहीत. आणि खेळ समजावून सांगायचं काम दर वेळी वेगळ्या मुलाला द्या. आमच्याकडची चौदा वर्षांची मुलगी माझ्यापेक्षा कमी शब्दांत नियम सांगते आणि मोठी मुलंही तिचं ऐकतात.

वेळेचं म्हणाल तर चाळीस मिनिटं पुरे. खेळ रंगात असतानाच थांबवा, पुढच्या शनिवारची ओढ राहते. गाणी आणि प्रार्थना आधी, मग खेळ, मग वचन. दमलेली मुलं शांत बसून जास्त चांगलं ऐकतात, उलट क्रम ठेवला तर लक्ष घड्याळाकडे असतं.

पहिल्याच शनिवारी सगळं करू नका. पौलाचं पत्र तेवढं घ्या. एक रुमाल, तेरा चिठ्ठ्या, सात कागद, बस. फक्त तीमथ्य, तीत आणि फिलेमोन कोण होणार हे आदल्या दिवशी ठरवू नका. त्या दिवशी दारात उभं राहा, जे पहिल्यांदाच आले असतील त्यांच्या कानात ती नावं सांगा. मग सगळा हॉल त्यांना शोधत येतो आणि आपलं नाव सांगून त्यांचं विचारतो.