वर्गात न येणाऱ्या मुलांचीही नोंद ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय की समाजमंदिरात दोन वर्षं संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतोय, पटावर साठ मुलं आहेत आणि देणगीदार आता ‘फरक काय पडला ते दाखवा’ म्हणतात. मग शाळेचे गुण दाखवावेत का?

माझं मत, नकोत. ‘ब’ श्रेणी मिळालेलं चौथीतलं मूल जोडाक्षरापाशी थांबतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यापेक्षा ‘असर’ या देशव्यापी शिक्षण-पाहणीतली चाचणी घ्या. 2005 पासून ती देशभर गावोगावी घरी जाऊन घेतली जाते. एकेका मुलाला जवळ बसवायचं आणि अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी ते कुठवर वाचतं ते पाहायचं. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याची वजाबाकी आणि भागाकारापर्यंत. जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये घ्या. फक्त शिकवणाऱ्या ताईने आपल्याच मुलांची घेऊ नये. मूल अडखळलं की माया आड येते आणि शब्द आपल्याच तोंडून निघतो.

चाचणीपेक्षाही मला काळजी वाटते ती यादीची. आमच्या वर्गाच्या तिसऱ्या वर्षी जूनमध्ये चाळीस मुलं तपासली, मार्चमध्ये सव्वीसच उरली होती. त्या सव्वीस जणांचा निकाल आम्ही मांडला आणि सगळे खूश झाले. नंतर जुने कागद काढले, तर गळालेल्या चौदांपैकी नऊ जण जूनमध्ये अक्षरावरच अडकलेले होते. कच्ची मुलं निघून गेल्यामुळेच सरासरी बरीच चढली होती. मग आम्ही घरोघर गेलो. दोन कुटुंबं ऊसतोडीला गेली होती. तीन मुलींच्या गल्लीत नळाला पाणी साडेसहाला यायचं आणि आमचा वर्गही साडेसहाचा! वर्ग पाचला घेतला, तिघी परत आल्या. नुसत्या सरासरीकडे पाहत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने गावातल्या तरुणांना शिकवून वाचनवर्ग चालवले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने ते तपासले. आलेली मुलं वाचनात खरोखर पुढे गेली, पण त्या गावांतल्या शंभरातली जेमतेम आठच मुलं वर्गाला आली होती. म्हणून वस्तीत शाळेच्या वयाची एकूण मुलं किती, त्यांतली न वाचता येणारी किती आणि त्यांतली तुमच्याकडे किती, हे तीन आकडे आधी काढा.

आणखी एक. वर्ग नसता तरी मूल वर्षभरात शाळेत थोडंफार शिकतंच, ते श्रेय आपलं नाही. शेजारच्या, वर्ग नसलेल्या वस्तीतली तशाच इयत्तांची वीस-पंचवीस मुलं त्याच महिन्यांत तपासा. मुलं कमी असल्यामुळे हा पक्का पुरावा होणार नाही, पण अंदाज येतो. शक्य असेल तर सुट्टीनंतर पुन्हा बघा. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘बालसखी’ कार्यक्रमात (त्यात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतली तरुणी शाळेच्या वेळेतच वेगळं शिकवायची) मुलांनी चांगली प्रगती केली होती, पण कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला.

देणगीदारांना एकच तक्ता द्या. साठही मुलांना क्रमांक, प्रत्येकापुढे जूनची पातळी आणि मार्चची पातळी. जे मूल गेलं त्याची ओळ खोडू नका, मार्चच्या रकान्यात ते का गेलं ते लिहा. तक्ता भरल्यावर इथे टाका, मी बघते.