आकडा विसरला, की डोक्यात शिरलाच नव्हता?

"वडिलांना सत्तरीनंतर विसर पडायला लागला होता. मला सत्तेचाळीसलाच सुरू झालंय," असं सांगत सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी समुपदेशनाला आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हळदीचा हंगाम होता. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशोब, करताना एखाद्याची हमाली दोनदा कापली जायची, एकाचं वजन दुसऱ्याच्या पट्टीवर चढायचं. शेतकऱ्याच्या पैशाशी खेळ होतोय, या विचारानं त्यांची झोप पाच तासांवर आली होती.

पाच शब्द सांगितले, दहा मिनिटं दुसरं बोलणं झालं, मग विचारलं. पाचही आले. गेल्या हंगामातले दर तर तोंडपाठ. तेवढ्यावर निकाल देता येत नाही, म्हणून आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली: चूक कोणती, किती वाजता, तिच्या लगेच आधी काय झालं. 11 चुका निघाल्या. त्यांतल्या 9 फोन किंवा हाक येऊन गेल्यावर पुन्हा हातात घेतलेल्या पट्टीतल्या.

चालू कामासाठी मन एका वेळी फार थोडं धरून ठेवतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये दाखवलं की घोकणं आणि गट पाडणं यांची मदत नसेल, तर ती साधारण चारच. दिवाणजींच्या डोक्यात नाव, लॉट, पोती, वजन, दर असे पाच. बाहेर सौद्याची बोली चालू. ऐकायचं नाही ठरवलं तरी कानावर पडणारं बोलणं मनात धरलेले आकडे हलवतं. त्यात फोन आला की कुठवर आलो होतो तेच निसटतं. 'हमाली कापली' ही नोंद मनात पक्की झालेलीच नसते, मग ती आठवणार कुठून?

उपाय साधा होता: फोन उचलण्याआधी चिठ्ठीवर दोन शब्द, 'लॉट 27, हमाली बाकी'. पहिल्या आठवड्यात तो फसला, कारण ते फोन उचलून, बोलता बोलता लिहायचे; तोवर आकडा गेलेला असायचा. फोन सायलेंट करून गल्ल्यावर ठेवला, तर नजर तिकडेच. शेवटी तो मागच्या खोलीत गेला आणि 11 ते 1 हाका पोऱ्यानं घ्यायच्या, हे मालकांनी मान्य केलं.

चुका वाढल्यावर ते तीन-तीन तास न उठता तपासणी करत होते, तेही उलटच पडत होतं. नॉर्मन मॅकवर्थ यांच्या 1948 च्या प्रयोगात घड्याळासारख्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासातच नजरचुका वाढल्या. म्हणून 25 मिनिटं तपासणी, मग पाच मिनिटं उठून चालणं, मोबाइल न बघता. बेरीज दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची.

झोप सुधारायला मात्र महिना लागला. बी-12 आणि थायरॉइडसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंच. लक्ष न लागण्यामागे तेही असू शकतं. रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आणि स्वतःपेक्षा घरच्यांनाच विसर जास्त जाणवणं, यांतलं काही असतं तर वहीची वाट न बघता त्यांना आधी तिकडेच पाठवलं असतं.