प्राचीन रोमन लोकांचं आजच्या माणसांना एवढं आकर्षण का वाटतं?

प्रश्न बघून आधी हसू आलं. २०२३ च्या सप्टेंबरात टिकटॉकवर एक ट्रेंड आला होता, बायका नवऱ्याला विचारायच्या की तू रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करतोस, आणि नवरा मख्ख चेहऱ्यानं सांगायचा की आठवड्यातून दोन-तीनदा तरी होतोच. आपल्याकडे टिकटॉक बंद असल्यामुळे ते रील बनून फिरत फिरत आलं आणि आमच्या हिनं मलाही विचारलं. मी म्हटलं रोज. तिला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती हो. मी सिव्हिलवाला, सतरा वर्षं साइटवर काढली. सिमेंटच्या गोणीवर पीपीसी छापलेलं असतं ते बघितलंय का कधी? पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. हे पोझोलाना म्हणजे इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे, तिथली ज्वालामुखीची राख. रोमन लोक ती चुन्यात मिसळायचे आणि ते मिश्रण पाण्याखालीसुद्धा घट्ट व्हायचं, म्हणून बंदरंच्या बंदरं बांधली त्यांनी त्यात. आपल्या गोणीत राख असते ती थर्मल पॉवर स्टेशनची, फ्लाय अ‍ॅश, पण नाव अजून त्या गावाचंच चाललंय. आमचा गोणी उतरवणारा गडी रोज सकाळी त्या गावाचं नाव खांद्यावर घेऊन चार मजले चढतो आणि त्याला पत्ता नाही, मलाही डिप्लोमा होऊन बरीच वर्षं होईपर्यंत नव्हता.

पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघं ग्रुप टूरनं इटलीला गेलो होतो. रोममध्ये पँथिऑन म्हणून देऊळ आहे, सम्राट हेड्रियनच्या काळातलं, इ.स. १२५ च्या आसपासचं. त्याचा घुमट आतून ४३ मीटर रुंद, नुसतं काँक्रीट, आत एक सळई नाही. माथ्यावर साडेआठ-नऊ मीटरचं गोल भोक आहे, उघडं, पाऊस सरळ आत येतो. टूरमधले सगळे माना वर करून फोटो काढत होते आणि मी खाली फरशी बघत होतो, कारण आपल्याला वॉटरप्रूफिंगच्या कंप्लेंटी ऐकायची सवय, पाणी जातं कुठं हा पहिला प्रश्न. तर फरशीला बारीक उतार दिलाय आणि मध्ये चक्क बारकी भोकं पाडलीयत पाणी जायला. घुमटाच्या काँक्रीटमध्ये खालच्या बाजूला जड दगडाची खडी आणि वर जाऊ तशी हलकी, अगदी वरच्या थराला प्युमिस, म्हणजे पाय घासायचा तो ज्वालामुखीचा दगड. वजन कमी करायचं म्हणून. ज्यानं हे ठरवलं त्याच्याशी मला चहा पिता पिता तासभर बोलायला आवडलं असतं.

अजून एक गंमत, दर्शनी भागावर नाव कोरलंय ते अग्रिपाचं. त्यानं बांधलेलं आधीचं देऊळ गेलं, नंतर हे नवं उभं राहिलं आणि तरी जुन्याचंच नाव ठेवलं. आपल्याकडे बस स्टॉपचं बाकडं बसवलं तरी त्यावर अमुक यांच्या संकल्पनेतून.

पण तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ते फॉरवर्ड येत असेल ना, की रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकतं आणि आपला स्लॅब वीस वर्षांत गळतो, तर त्याचा मला जाम वैताग आहे. त्यांच्या काँक्रीटमध्ये सळई नाही म्हणून गंजणं नाही, गंजून फुगणं नाही, तडे नाहीत, एवढं साधं एक कारण त्यात आहेच. पण सळई नाही म्हणून तुम्हाला कमानी आणि घुमटच करावे लागतात, त्या काँक्रीटची बाहेर काढलेली बाल्कनी करून दाखवा बरं. २०२३ साली एक संशोधन आलं की त्यात चुन्याचे न विरघळलेले खडे राहायचे आणि तडा गेला की पाणी लागून तेच खडे तडा भरून काढायचे, हे मात्र खरंच भारी आहे, ते वाचून मी रात्री दीड वाजता एका मित्राला मेसेज टाकला होता. आणि मुख्य म्हणजे जे पडलं ते आपल्याला दिसत नाही. उरलेलं पँथिऑन दिसतं, ते सातव्या शतकात चर्च झालं म्हणून जपलं गेलं. पडलेल्या चाळी कुठं दिसणार?

आणि चाळी पडायच्या! सिसेरो, तोच तो थोर वक्ता वगैरे, त्याची भाड्यानं दिलेली दुकानं होती. इ.स.पू. ४४ मधल्या एका पत्रात तो मित्राला लिहितो की माझी दोन दुकानं कोसळली, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरूच काय उंदीरसुद्धा सोडून गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो, पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही पागडीच्या बिल्डिंगचा मालक हुबेहूब असंच बोलेल, फक्त लॅटिनमध्ये बोलणार नाही.

फिडेनीचं प्रकरण त्याहून भयानक. रोमजवळचं गाव, इ.स. २७, अटिलियस नावाच्या माणसानं ग्लॅडिएटरचे खेळ लावून पैसे कमवायला लाकडी स्टेडियम उभं केलं. पाया पक्क्या जमिनीत घेतला नाही, लाकडांचे सांधे धड केले नाहीत, आणि गर्दीच्या दिवशी सगळं खाली. त्यांचा इतिहासकार टॅसिटस मेलेले आणि जखमी मिळून ५०,००० सांगतो. त्यांचे आकडे जरा जपूनच घ्यायचे, पण पुढचं बघा. सिनेटनं ठराव केला की ज्याची मालमत्ता ४,००,००० सेस्टर्सपेक्षा (सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं) कमी त्यानं असले खेळ भरवायचे नाहीत आणि जमिनीची मजबुती तपासल्याशिवाय स्टेडियम बांधायचं नाही. कॉन्ट्रॅक्टर तडीपार. म्हणजे आधी दुर्घटना, मग चौकशी, मग सॉइल टेस्ट कम्पल्सरी. क्रम तोच.

तर माझ्या मते आकर्षणाचं खरं कारण इथं आहे. सीझर, सैन्य, साम्राज्य हे सगळं आहे, सिनेमावाले त्यावर जगतात, पण मोठी साम्राज्यं काय कमी होती का जगात? मौर्यांचं होतं, चीनच्या हानांचं होतं, इराण्यांचं होतं. रोमन लोकांचा फरक असा की त्यांचं फालतू बोलणं उरलंय. बाकीच्यांचे जास्त करून राजेच आपल्याशी बोलतात, आणि रोमनांचे भाडेकरू, दारुडे, शिपाई, दुकानदार सगळे बोलतात. तेही बऱ्याच अंशी अपघातानं.

नेपल्सजवळच्या पॉम्पेई गावाला इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडलं आणि जे जसं होतं तसं राहिलं. तिथल्या भिंती म्हणजे निवडणुकीच्या सीझनमधल्या आपल्या भिंती समजा. फळवाल्यांचा अमुक उमेदवाराला पाठिंबा, असलं रंगवलेलं. वातिया नावाचा एक जण ईडाइलच्या पदाला उभा होता, म्हणजे रस्ते, बाजार बघणारा, साधारण आपला नगरसेवक धरा. त्याच्यासाठी भिंतीवर लिहिलंय, 'वातियाला निवडून द्या, विनंती उशिरापर्यंत पिणाऱ्या सर्वांची.' दुसऱ्या ठिकाणी तीच विनंती भुरट्या चोरांकडून. विरोधकांनी लिहिलं की त्याच्याच मित्रांनी गंमत केली यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चाललेला असतो. आणि एकानं सरळ भिंतीलाच उद्देशून लिहिलंय की बाई भिंती, एवढ्या लोकांचं रटाळ लिखाण अंगावर वागवून तू अजून कोसळली कशी नाहीस.

तिकडे ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा म्हणून ठाणं होतं, तिथं चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या, १९७३ पासून सापडतायत, शाईनं लिहिलेल्या. एका शिपायाला घरून पार्सल आलंय, मोजे पाठवलेत, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या. मास्क्लस नावाचा घोडदळातला अधिकारी वरच्या साहेबाला विचारतो उद्या आम्ही काय करायचं ते कळवा, आणि जाता जाता, पोरांकडची बिअर संपलीय, तेवढी पाठवायला सांगा. क्लॉडिया सेवेरा मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला ये म्हणून बोलावते, पत्र कारकुनानं लिहिलंय पण शेवटच्या दोन-चार ओळी तिनं स्वतःच्या हातानं खरडल्यात, बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे काही जुन्यात जुनं उरलंय त्यात त्या ओळी येतात. १९०० वर्षांपूर्वीचं वाकडंतिकडं अक्षर, आणि म्हणणं एवढंच की तू आलीस तर मला बरं वाटेल.

आता इथपर्यंत वाचून वाटतं की अरे हे तर आपल्यासारखेच. मलाही वाटलं होतं.

व्हेसुव्हियसच्या राखेत पावसुद्धा सापडलेत, जळून कोळसा झालेले. पॉम्पेईच्या एका भट्टीत ८१ होते. गोल, वरून केकसारखे आठ भाग पाडलेले. हर्क्युलेनियम या शेजारच्या गावातल्या अशा एका पावावर शिक्का उमटलाय. आधी मी समजलो बेकरीचं नाव असेल. तर लिहिलंय, 'केलेर, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम.' पाव कुणाचा हे सांगायला आधी माणूस कुणाचा ते सांगितलंय. रोमच्या म्युझियममध्ये लोखंडी पट्टा आहे, गळ्यात घालायचा, त्याला लटकवलेल्या बिल्ल्यावर मजकूर असा की मी पळालोय, मला धर, माझा मालक झोनिनस याच्याकडे परत नेलंस तर एक सोन्याचं नाणं मिळेल. कुत्र्याच्या पट्ट्याला आपण फोन नंबर लावतो तसं. आणि हे वातियाला मत देणारे, वाढदिवसाला बोलावणारे, उंदरांवर जोक करणारे लोक गुलाम बघून काहीच न वाटता पुढे जात होते. मी त्यांना जवळचं मानायला लागतो आणि पाच मिनिटांत असं काहीतरी समोर येतं, आणि मग पुन्हा वाचावंसं वाटतं. माझं तरी हे असंच चाललंय.

मोठ्या लोकांनी रोममधून आपापल्या सोयीचं उचललं ते वेगळंच. अमेरिकेनं सिनेट उचललं, रशियाचा झार आणि जर्मनीचा कैसर हे दोन्ही शब्द सीझरवरून, मुसोलिनीनं तर कलोसियमपासून थेट रस्ता काढला जुन्या वस्त्या पाडून आणि १९३२ मध्ये त्यावरून परेड केली. पण मला सगळ्यात आवडतं ते बाबासाहेबांनी काय उचललं ते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधी दिलंच न गेलेलं जे भाषण आहे, त्यात ते रोमच्या प्लेबियन लोकांचं उदाहरण घेतात, की खालच्या वर्गाला आपला कॉन्सल, म्हणजे राज्य चालवणारा सर्वात वरचा अधिकारी, निवडायचा हक्क मिळाला, पण निवडून आलेला माणूस देवीला मान्य पाहिजे ही अट, आणि कौल सांगणारे पुजारी सगळे वरच्या वर्गातले. मग खमका माणूस निवडून आला की देवीला तो नेमका नापसंत. हे वाचल्यावर रोम लांबचं वाटेल का तुम्हीच सांगा.

आणि तसंही ते फार लांब नव्हतंच. प्लिनी म्हणून त्यांचा लेखक होता, व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला, तो कुरकुरतो की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स तरी खेचून नेतो. कल्याण, चौल, पैठण, तेर ही नावं त्या काळच्या एका ग्रीक खलाशी माहितीपुस्तकात आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्य मूर्ती निघाली.

नेपल्सच्या म्युझियममध्ये आम्ही शेवटच्या दिवशी गेलो, पाय दुखत होते, बाकीचा ग्रुप पिझ्झा खायला पळालेला. तिथं काचेत एक हस्तिदंती बाई आहे, वीतभर उंचीची, दोन्ही बाजूंना दासी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली. ही थांबली आणि म्हणाली, अहो हिच्या हातात बांगड्या बघा किती, आणि पायात पण, ही तर आपल्याकडची. खरंच आपल्याकडची निघाली. तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला उत्खननात सापडलीय, पॉम्पेईची बाई तिकडचीच असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. माझं आजोळ त्याच बाजूला. भोकरदनवरून लहानपणी एसटीनं पन्नासदा तरी गेलो असेन, आणि तिथलं मला आठवतं काय, तर गाडी दहा मिनिटं थांबायची आणि मामा खिडकीतून गरम भजी घ्यायचा.