साडेपाच तास कुठे हरवतात?

प्रश्न : यूटीसीमधील (जागतिक प्रमाणवेळेतील) तारीख-वेळ सी भाषेतील ‘एमकेटाइम’ या फंक्शनने १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत बदलल्यास माझ्या संगणकावर उत्तर १९,८०० सेकंदांनी कमी येते, सर्व्हरवर मात्र बरोबर येते. असे का?

उत्तर : ‘एमकेटाइम’ दिलेली वेळ स्थानिक मानते, आपला सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालत असावा, तर आपला संगणक भारतीय प्रमाणवेळेवर चालतो आणि ती यूटीसीच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, पुढे आहे. तेवढे सेकंद हाताने मिळवू नयेत, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. लिनक्सवर पूर्वीपासून असलेले आणि सी भाषेच्या सी२३ मानकात आलेले ‘टाइमजीएम’ वापरावे; ते दिलेली वेळ यूटीसी मानते. विंडोजवर हेच काम ‘एमकेजीएमटाइम’ करते. ‘टीझेड’ (प्रोग्रॅमची स्थानिक वेळ ठरवणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) तात्पुरते बदलण्याची जुनी युक्ती, अजूनही सर्रास सुचवली जात असली तरी, अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) असलेल्या प्रोग्रॅममध्ये घातकच आहे.