फाटक उघडून जायचं का?

प्रश्न : महिनाभरासाठी मुलाकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आलो आहे. साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, म्हणून इथे मिशन पीकच्या पायथ्याशी गेलो. तर समोर कुंपण, फाटक आणि आत गाई! मुलगा म्हणतो, ‘बाबा, बिनधास्त उघडा.’ मला परक्याच्या रानात शिरल्यासारखं होतं. घरांच्या किमती आभाळाला भिडलेल्या या गावात एवढा डोंगर मोकळा राहिलाच कसा?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, खुशाल उघडा. फक्त मागे कडी लावायला विसरू नका, नाहीतर गाई रस्त्यावर.

हा डोंगर ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’ सांभाळतो. ही संस्था जन्मली १९३४ मध्ये, ऐन महामंदीत. ओकलंड-बर्कलेच्या मागच्या डोंगरांत पाणीपुरवठा संस्थेची हजारो एकर जमीन होती. सिएरा नेवाडा पर्वतातून मोकेलमी नदीचं पाणी आलं आणि त्यातली बरीच जमीन गरजेपेक्षा जास्त ठरली. ती विकली गेली असती, तर आज तिथे बंगले दिसले असते. ती उद्यानांसाठी राखायला लोकांनी मतदान करून स्वतःवरच नवा कर लावून घेतला : करपात्र किमतीच्या दर १०० डॉलरला ५ सेंट. नोकऱ्या गेलेल्या काळात १०० पैकी ७१ जणांनी ‘हो’ म्हटलं. मला अजून नवल वाटतं. आज दोन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) मिळून ७० हून जास्त उद्यानं आहेत, सुमारे सव्वा लाख एकर. माझ्या घरपट्टीच्या बिलात या उद्यानांची वेगळी ओळ येते. तेवढी एकच ओळ मी कुरकुर न करता वाचते.

गाई पशुपालकांच्या, चराईसाठी त्यांना जागा भाड्याने देतात. इथे पाऊस हिवाळ्यात. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या उलट : जानेवारीत डोंगर हिरवेगार, जूनमध्ये वाळून सोनेरी. ते वाळलेलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रणच, म्हणून ते गाईंकडून खाऊन घ्यायचं. गाय आणि वासरू यांच्या मधे मात्र जाऊ नका. पहिल्याच खेपेला मी वासराचा फोटो काढायला पुढे झाले. गाईने मान खाली घालून एक फुस्स केलं, आणि मी चप्पल तिथेच टाकून पळाले. (चप्पल घालून डोंगरावर गेले हा माझाच शहाणपणा.)

शिखर २,५१७ फूट. अजिंक्यताऱ्याच्या हिशेबाने निघू नका. जाऊन-येऊन सहा मैल होतात आणि वाटेत सावली जवळजवळ नाही. पाणी भरपूर न्या. उन्हाळ्यात मोज्यांत कुसळं शिरतात, ती घरी गॅलरीत बसून काढावी लागतात. माथ्यावर एक खांब आहे, त्याच्याशी फोटोसाठी रांग असते.

गाडी लावायला जागा थोडी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडताच पोचा. तुम्हाला पहाटेची सवय आहेच. उठवावं लागेल ते मुलाला.